पाण्यावरचें नाटकगृह आणि न ऐकलेली साक्ष

रहस्यकथेकडे आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनही थोड्या संशयानेंच पाहिलें जातें. ती मुलांच्या उशीखालीं सांपडली तर वडील माणसांच्या कपाळास आठ्या पडतात; आणि मुलें निजल्यावर तींच वडील माणसें दिव्यापाशीं बसून ती शेवटपर्यंत वाचून काढतात, हेंही तितकेंच खरें. ह्या लपवाछपवीचें कारण उघड आहे. खून कोणी केला एवढें कळलें म्हणजे पुस्तकाचें काम संपलें. त्यांतून बुद्धीस चार घटका व्यायाम घडतो, पण मनास कांहीं मिळत नाहीं, असा आपला समज आहे. सर्वच रहस्यकथांविषयीं हा समज खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ह्या कुळांत एक शाखा अशी आहे कीं, ती चांगल्या हातीं पडली असतां हा आक्षेप तिला लागू पडूं नये. ती शाखा म्हणजे ऐतिहासिक रहस्यकथा. तिच्यासाठीं जणूं मुद्दाम घडविल्यासारख्या ज्या कांहीं जागा जगांत आहेत, त्यांपैकीं एकीचा परिचय वाचकांस करून द्यावा, हा आजच्या लेखाचा हेतु. ती जागा म्हणजे अमेरिकेंतील नद्यांवर तरंगणारें नाटकगृह.

प्रथम शाखेविषयीं दोन शब्द. एडगर अ‍ॅलन पो ह्याची पॅरिसमधील दुहेरी खुनाची कथा १८४१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तेथूनच आधुनिक गुप्तहेरकथेचा आरंभ धरण्याची रीत आहे. पुढें बराच काळ अशा कथांचा काळ म्हणजे लेखकाचा स्वतःचाच काळ असे. मेल्व्हिल डेव्हिसन पोस्ट ह्या अमेरिकन वकिलानें १९११ पासून ‘अंकल अ‍ॅब्नर’च्या कथा लिहिल्या, त्यांत मात्र त्यानें मागें जाऊन यादवी युद्धापूर्वींच्या व्हर्जिनियाच्या डोंगराळ पश्चिम भागांत आपला सत्यशोधक उभा केला. अ‍ॅगाथा ख्रिस्तीबाईंनीं १९४४ सालीं थेट चार हजार वर्षांपूर्वींच्या ईजिप्तमधील एक कुटुंब आणि त्यांत घडणारे खून रंगविले. १९७७ पासून एलिस पीटर्स ह्यांनीं बाराव्या शतकांतील इंग्लंडमधला कॅडफेल नांवाचा एक मठवासी सत्यशोधक लोकप्रिय केला. तेव्हांपासून ह्या शाखेस पुष्कळ पालवी फुटली आहे.

आतां नाटकगृहाकडे वळूं. पिट्सबर्ग येथें अ‍ॅलेघेनी व मोनाँगहेला ह्या दोन नद्यांचा संगम होतो, आणि तेथून पुढें त्या प्रवाहास ओहायो हें नांव मिळतें. ह्या संगमावर १८३१ सालीं विल्यम चॅपमन नांवाच्या, इंग्लंडहून आलेल्या नटानें एक लांबट, सपाट तळाची नाव बांधून घेतली आणि तिच्यावर लांकडी घर उठविलें. आंत एका टोकास चिंचोळी रंगभूमि आणि तिच्यापुढें प्रेक्षकांसाठीं बांकें. नटमंडळी म्हणजे बहुतेक त्याच्याच कुटुंबांतील माणसें. नावेस यंत्र नव्हतें. लांब वल्ह्यांनीं दिशा सांभाळावयाची आणि प्रवाह नेईल तसें जावयाचें. गांव दिसलें कीं तीरास दोर बांधावा, सायंकाळीं खेळ करावा, आणि मग पुढचें गांव गांठावें. ज्याच्यापाशीं रोकड नसेल त्यानें बटाटे किंवा शेतांतला दुसरा माल द्यावा आणि खुशाल आंत येऊन बसावें. असें करीत करीत मंडळी ओहायोमधून मिसिसिपींत आणि मिसिसिपीमधून शेंकडों कोस खालीं न्यू ऑर्लिन्सपर्यंत जात. प्रवाहाविरुद्ध परतणें शक्य नसल्यामुळें तेथें ती नाव लांकडाच्या भावानें विकून टाकावयाची, आगबोटीनें वर यावयाचें आणि पुढल्या मोसमासाठीं नवी नाव बांधावयाची. कांहीं वर्षांनीं चॅपमन कुटुंबानें आगबोटच घेतली, तेव्हां कोठें ही दरसालची मोडतोड थांबली.

चॅपमनचें पाहून इतर पुढें सरसावले. १८५१ सालीं सिन्सिनाटी येथें स्पॉल्डिंग व रॉजर्स ह्या जोडीनें पाण्यावरचा एक प्रचंड महालच बांधला. त्यांत घोड्यांच्या सर्कशीचें रिंगण होतें. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत नद्यांवर तोफांच्या नौका फिरूं लागल्या आणि हीं नाटकगृहें बंद पडलीं. १८७८ मध्यें ऑगस्टस फ्रेंच ह्यानें आपली ‘न्यू सेन्सेशन’ पाण्यांत सोडली आणि धंद्यास पुन्हां जीव आला. बोट येत असल्याची वर्दी वाफेवर वाजणारा बाजा देई. त्याचें पेटंट जोशुआ स्टॉडर्ड ह्यानें १८५५ मध्यें घेतलेलें होतें, आणि त्याचे सूर कोस-दीड कोस अगोदर ऐकूं येत. पुढल्या काळांतील नाटकगृहांचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्यांच्या पोटांत यंत्र नसे, कारण बाष्पपात्रें ठेवलीं तर रंगभूमीस जागा उरत नाहीं. एक लहानशी आगबोट मागें लागून त्यांस ढकलीत नेई. १९०९ मध्यें बांधलेल्या ‘गोल्डनरॉड’मध्यें सुमारें १४०० माणसें बसूं शकत. बोलपट आणि मोटारीचे रस्ते आल्यावर हा धंदा ओसरला. ‘गोल्डनरॉड’ २०१७ सालीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली; १९२३ मधील ‘मॅजेस्टिक’ हिला मात्र १९८९ सालीं राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला.

अशी जागा रहस्यकथाकारास कां आवडावी हें सांगावयास नको. माणसें मोजकीं आणि एकमेकांस बांधलेलीं. वेष पालटणें हा त्यांचा रोजचाच व्यवसाय. काल जो खलनायक तो आज म्हातारा धर्मोपदेशक, आणि रंग पुसला कीं दोन्ही नव्हे. नाटकांतल्या तरवारी व पिस्तुलें हाताशीं. भोंवतीं पाणी, आणि पाण्यावर पाउलाचा ठसा उमटत नाहीं. ख्रिस्तीबाईंनीं १९३७ सालच्या आपल्या एका प्रसिद्ध कादंबरींत नाईल नदीवरच्या आगबोटीचा असाच उपयोग करून घेतला आहे. परंतु ह्या बाह्य सोयी झाल्या. एवढ्यासाठीं आम्ही लेखणी उचलली नसती.

खरी गोष्ट पुढेंच आहे. बोट पुढें जाते म्हणजे गुन्ह्याची जागाही पुढें जाते. मात्र कायदा तीरावरच राहतो. यादवी युद्धापूर्वीं ओहायो नदी ही केवळ नदी नव्हती. १७८७ च्या एका अध्यादेशानें तिच्या उत्तरेकडील मुलुखांत गुलामगिरीस बंदी झालेली होती. दक्षिणेस केंटकी व व्हर्जिनिया, तेथें माणसांची खरेदी-विक्री राजरोस चाले. तरंगतें नाटकगृह आज ह्या तीरास तर उद्यां त्या तीरास दोर बांधी. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, केंटकीची सीमा नदीच्या मध्यावर नसून उत्तर तीराकडील उतरत्या पाण्याच्या रेषेपर्यंत आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८२० मध्यें दिला होता. आणि पात्रावर दोन्ही तीरांच्या राज्यांचा अधिकार चालावा असा जुना करारही होता. म्हणजे बोट स्वतंत्र तीरास लागलेली असली तरी तिच्या फळ्यांखालचें पाणी गुलामगिरीच्या राज्याचें! फळीवरून चार पावलें टाकून काठावर उतरलें कीं राज्य बदललें. १८५० च्या कायद्यानें तर काठावर उतरलेल्या पळपुट्या गुलामास धरून परत देणें हें स्वतंत्र राज्यांतील अधिकाऱ्यांचेंही कर्तव्य ठरविलें.

अशा बोटींत खून झाला असें समजूं. तो कोणीं केला हें स्वयंपाकघरांतील एका कृष्णवर्णी बाईनें डोळ्यांनीं पाहिलें आहे असेंही समजूं. रहस्यकथेच्या नेहमींच्या रीतीनें हें रहस्य अर्ध्या घटकेंत सुटावयास हवें. परंतु गुलामगिरीच्या राज्यांत गोऱ्या मनुष्याविरुद्ध गुलामाची साक्ष न्यायालय घेत नसे. बोट पलीकडे स्वतंत्र तीरास नेली तर? ओहायो राज्यानेंही १८०७ मध्यें असा कायदा केला होता कीं, ज्या खटल्यांत एक पक्ष गोरा आहे त्यांत कृष्णवर्णी मनुष्यास साक्ष देतां येणार नाहीं. आणि तो १८४९ पर्यंत रद्द झाला नाहीं. म्हणजे सत्य ठाऊक आहे, तें सांगणारें माणूस समोर उभें आहे, आणि तरीही दोन्ही तीरांवर तें ऐकावयास कान नाहीं. आमच्या मतें तरंगत्या नाटकगृहाचें खरें रहस्य हेंच होय. खून कोणी केला, ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक मोठा प्रश्न दडलेला आहे: कोणाचें बोलणें खरें धरावयाचें हें कोणी ठरविलें?

हा प्रश्न परक्यांचाच आहे असें मात्र कोणी समजूं नये. ज्यांनीं शूद्रकाचें मृच्छकटिक मुळांत वाचलें असेल, किंवा देवलांच्या नाटकाच्या द्वारें त्याची ओळख करून घेतली असेल, त्यांस नवव्या अंकांतील न्यायसभा आठवत असेल. राजशालक शकारानें पुष्पकरंडक उद्यानांत वसंतसेनेचा गळा दाबला, ती मेली असें समजून तो निघून गेला, आणि खुनाचा आरोप चारुदत्तावर आणला. विदूषकाच्या काखेंतून तिचे अलंकार भर सभेंत खालीं पडतात. उद्यानांत एका स्त्रीचें प्रेत दिसल्याचें वर्तमान येतें. सर्व पुरावा चारुदत्तावर उलटतो. आजच्या कोणत्याही रहस्यकथाकारानें हेवा करावा अशी ही रचना आहे. खरी हकीकत ठाऊक असलेला एक मनुष्य मात्र शकाराच्याच वाड्यांत कोंडलेला असतो, तो म्हणजे त्याचा चेट स्थावरक. दहाव्या अंकांत तो खिडकींतून उडी टाकून येतो आणि वधस्तंभाकडे निघालेल्या मंडळींस खरें तें सांगतो. शकार एवढेंच म्हणतो कीं, हा माझा चोरटा नोकर आहे, मीं त्यास शिक्षा केली म्हणून हा माझ्यावर आळ घेतो. तेवढ्यानें स्थावरकाची साक्ष फुकट जाते, आणि दासाचें खरें बोलणेंही कोणास पटत नाहीं म्हणून तो बिचारा शोक करतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतही परतंत्र मनुष्यास सहसा साक्षीस पात्र मानलेलें नाहीं; दुसरा कोणी नसेल तरच दासाची साक्ष चालावी असें म्हटलें आहे. शूद्रकाचा मोठेपणा असा कीं, वसंतसेना जिवंत परत येऊन चारुदत्त सुटल्यावरही तो स्थावरकास विसरत नाहीं. नाटक संपण्यापूर्वीं त्यास दास्यांतून मुक्त करवितो.

मिसिसिपीच्या कांठीं हाच प्रश्न मार्क ट्वेनच्या हातीं पडला. तो स्वतः १८५९ मध्यें आगबोटीच्या सुकाणूचा परवाना मिळविलेला मनुष्य. त्याचें टोपणनांवही नदीची खोली मोजणाऱ्या खलाशांच्या आरोळींतून आलेलें, आणि तिचा अर्थ दोन वांव पाणी, म्हणजे बारा फूट. त्याची ‘पुडनहेड विल्सन’ ही कादंबरी १८९४ सालची, पण तींतील काळ १८३० ते १८५३. म्हणजे तीही ऐतिहासिक रहस्यकथाच होय. रॉक्साना नांवाची एक दासी दिसावयास गोरीच आहे. सोळा हिश्शांतला एक हिस्सा रक्त कृष्णवर्णी म्हणून ती गुलाम. आपलें मूल दूरच्या मळ्यावर विकलें जाईल ह्या भीतीनें ती धन्याचें तान्हें मूल व आपलें मूल ह्यांची अदलाबदल करते. दासीचा मुलगा धनी होऊन वाढतो, धन्याचा मुलगा गुलाम होऊन. पुढें गांवच्या न्यायाधीशाचा खून होतो. आणि गांवानें ज्याची वेडगळ म्हणून थट्टा केली तो विल्सन वकील, वर्षानुवर्षें कांचेच्या पट्ट्यांवर जमविलेल्या बोटांच्या ठशांवरून खुनी कोण आणि खरा वारस कोण, हीं दोन्ही रहस्यें भर न्यायालयांत उलगडतो.

हे बोटांचे ठसे वाचून आपल्या लोकांनीं किंचित् थांबावें. विल्यम हर्शेल ह्या गोऱ्या अधिकाऱ्यानें १८५८ मध्यें बंगालमधील जंगीपूर येथें राज्यधर कोनाई नांवाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारपत्रावर घेतला, तेथून ह्या विद्येच्या व्यावहारिक वापराचा एक मोठा ओघ सुरू होतो. फ्रान्सिस गाल्टनचें ह्या विषयावरील पुस्तक १८९२ मध्यें निघालें आणि तें ट्वेननें वाचलें होतें. १८९७ मध्यें कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी स्थापन झाली; ठशांचें वर्गीकरण करण्याच्या पद्धतींत अझीझुल हक व हेमचंद्र बोस ह्या दोघा हिंदी अधिकाऱ्यांचा वांटा मोठा आहे. मग १८५३ च्या मिसूरींत ही विद्या आली कोठून? येथें ट्वेनचें कौशल्य दिसतें. तो ती कोणा पोलिसाच्या हातीं देत नाहीं; एका एकलकोंड्या छांदिष्टाच्या फावल्या वेळचा खेळ म्हणून दाखवितो. पंचांस तर ती ठाऊकच नाहीं; म्हणून विल्सन न्यायालयाच्या खिडकीच्या कांचेवर माणसांचे ठसे उठवून दाखवितो आणि ते बिनचूक ओळखून त्यांची खात्री पटवितो. काळाच्या पुढची गोष्ट कथेंत आणावयाची असेल तर ती अशी आणावी.

परंतु कथेचा खरा दंश शेवटीं आहे. खुनी सांपडला, तो जन्मानें गुलाम ठरला. मग त्यास जन्मठेप कशी देणार? तो तर मालमत्ता! सावकार पुढें येतात, त्याच्यावर हक्क सांगतात; आणि गव्हर्नर त्यास माफी देऊन नदीखालच्या मुलुखांत विकूं देतो. खऱ्या वारसास संपत्ति मिळते, पण गुलामांत वाढलेल्या त्यास गोऱ्यांच्या दिवाणखान्यांत बसवत नाहीं आणि स्वयंपाकघरांत परत जातां येत नाहीं. रहस्य सुटलें, न्याय झाला असें मात्र म्हणवत नाहीं. ट्वेननें हें मुद्दाम असेंच सोडलें आहे.

तरंगत्या नाटकगृहाची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी म्हणजे एड्ना फर्बर ह्यांची ‘शो बोट’, १९२६ सालची. तिच्यासाठीं फर्बरबाई १९२५ मध्यें उत्तर कॅरोलायनांतील ‘जेम्स अ‍ॅडम्स’ नांवाच्या तरंगत्या नाटकगृहावर कांहीं दिवस राहिल्या होत्या. ही गुप्तहेरकथा नव्हे. तरीही तींतील एक प्रसंग कोणत्याही चौकशीहून अधिक थरारक आहे. बोटीवरील नायिकेचें काम करणारी ज्यूली गोरी समजली जाते; तिच्या अंगांत कृष्णवर्णी रक्त आहे आणि तिचा नवरा गोरा आहे, म्हणून हा विवाह गुन्हा आहे, अशी चुगली कोणी करतो आणि शेरीफ बोटीवर येतो. तो पोंचण्यापूर्वीं नवरा तिच्या बोटास चाकूनें चीर देतो आणि रक्ताचा थेंब चोखतो. मग तो शेरीफास सांगतो कीं, आपल्याही अंगांत तसलें रक्त आहे. बोटीवरील माणसें त्यास दुजोरा देतात. अक्षरशः पाहिलें तर वचन खरें, आणि कायदा मात्र स्वतःच्याच शब्दांत अडकला. असले विवाह गुन्हा ठरविणारे कायदे अमेरिकेंतून अखेर १९६७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें गेले. कादंबरीवरचें संगीत नाटक १९२७ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथें रंगभूमीवर आलें आणि जगभर गाजलें. पण जी बोट पाहून हें सारें सुचलें, तिच्यावर कृष्णवर्णी प्रेक्षकांस वेगळें, वरच्या सज्जांत बसावें लागे.

अलीकडील लेखकांनीं हा धागा सोडलेला नाहीं. मार्था कॉनवे ह्यांच्या २०१७ सालच्या कादंबरीची नायिका १८३८ मध्यें ओहायो नदीवरच्या तरंगत्या नाटकमंडळींत कपडे शिवण्याचें काम धरते, आणि रात्रीच्या अंधारांत गुलामांचीं मुलें पलीकडल्या तीरास पोंचविण्याच्या जोखमींत सांपडते. त्याच वर्षीं सिन्सिनाटीपाशीं ‘मोझेल’ ही आगबोट बाष्पपात्र फुटून खरोखरच बुडाली होती. त्या अपघातापासूनच कथेस आरंभ होतो. बार्बरा हॅम्बली ह्यांच्या १९९७ पासूनच्या कथामालेंत सत्यशोधक स्वतःच कृष्णवर्णी आहे. तो पॅरिसला शल्यविद्या शिकलेला, पण न्यू ऑर्लिन्समध्यें वाद्य वाजवून पोट भरणारा. २००४ च्या एका कादंबरींत तो मिसिसिपीवरच्या आगबोटींत शोध करीत असतो. तो स्वतंत्र आहे, पण तें स्वातंत्र्य खिशांतल्या एका कागदावर लटकलेलें. तो कागद गेला कीं शोधक स्वतःच बाजारांत उभा. इंग्लिश कथेंतला हुशार गृहस्थ खुर्चींत बसून तर्क लढवितो. ह्यास प्रत्येक प्रश्न विचारण्यापूर्वीं, हा प्रश्न विचारण्याची आपणांस मुभा आहे काय, हें पाहावें लागतें.

ह्यावरून वाचकांस एक कसोटी सुचवावीशी वाटते. ऐतिहासिक रहस्यकथा हातीं आली म्हणजे झगे, दिवे आणि बाजे ह्यांच्या वर्णनांवर भुलूं नये. त्या काळचा कायदा कथेंत खरोखर अडथळा आणतो कीं नाहीं, हें पाहावें. शोध करणारास त्या काळीं जें कळणें शक्य होतें तेवढेंच कळतें काय, हेंही पाहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ज्याची साक्ष त्या काळच्या न्यायालयानें ऐकली नाहीं, त्याची साक्ष निदान कथेनें तरी ऐकली काय, हें विचारावें. जी कथा ह्या तिन्ही ठिकाणीं उतरते ती मुलांच्या उशीखालीं सांपडली तर आठ्या न घालतां दुसऱ्या दिवशीं जेवणाच्या वेळीं तिच्याविषयीं त्यांच्याशीं चार शब्द बोलावे. गुन्हेगार कोण हें मुलें सांगतीलच. घरांतल्या कोणत्या माणसास कोणीं कांहींच विचारलें नाहीं, हा प्रश्न वडिलांनीं घालावा.

कारण इतिहासाचीं दफ्तरें बहुधा त्यांनींच भरलेलीं असतात, ज्यांचें बोलणें लिहून घेण्याजोगें मानलें गेलें. बाकीच्यांचें बोलणें नदीच्या पाण्यावरून गेलेल्या बाजाच्या सुरासारखें विरून गेलें आहे. तें जसेंच्या तसें परत आणणें कोणाच्या हातीं नाहीं. परंतु प्रामाणिक कथाकार त्या काळाचे नियम पाळून एक रिकामी जागा दाखवूं शकतो, आणि येथें एक साक्षीदार उभा होता एवढें सांगूं शकतो. खुनी सांपडल्यानंतरही ती रिकामी जागा वाचकाच्या मनांत राहिली, तर त्या पुस्तकानें आपलें काम केलें असें आम्ही समजतों.